सातारा हिल हाफ करू का?

प्रश्न : जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन करायची आहे, त्याआधी सातारची हिल हाफ, म्हणजे घाटातली २१ किमीची हाफ मॅरेथॉन, पळू का? आमचं नागपूर तर सपाट आहे.

उत्तर : नक्की पळा, पण टायमिंगचा नाद सोडून. या रेसमधला यवतेश्वरचा घाट चढताना वेग पडणारच, घड्याळ बघूच नका, दम एकसारखा ठेवा. खरा मार उतारावर बसतो, कारण मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात, मग दोन दिवस जिना उतरवत नाही. म्हणून आतापासून नागपुरातल्याच सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर हळू चढा आणि लहान पावलांनी उतरायची पण प्रॅक्टिस करा, ती बहुतेक जण करतच नाहीत. रेसनंतर आठवडाभर फुटाळा तलावावर हलकंच पळा. मुंबईत पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, थकल्यावर येतो, तिथे हीच तयारी कामी येईल.