पागडीचा फ्लॅट, इटालियन मार्बल आणि मालकाची सही

नमस्कार दादा, तुमचं पत्र वाचलं, फोटो पण सगळे बघितले. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगते. हे दादा मस्कतला नोकरीला आहेत, चर्चगेटला ओव्हलच्या मागच्या एका गल्लीत १९३८ सालच्या आर्ट डेको बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा १४०० स्क्वेअर फुटांचा, इटालियन मार्बल घालून फुल रिनोव्हेट केलेला फ्लॅट त्यांना साडेपाच कोटीत मिळतोय, त्याच गल्लीत ओनरशिपचा भाव याच्या दुपटीच्या वर, एजंट म्हणाला "पागडी आहे हो, पण ओनरशिपसारखीच", मग यांनी २५ लाख टोकन दिलं, त्यातले ७ लाख कॅश, आणि दुसऱ्यांदा जागा बघायला गेले तेव्हा वॉचमननं जिन्यात गाठून सांगितलं की साहेब बाल्कनीवरनं बीएमसीची नोटीस येऊन पडलीय. आता पुढचे पैसे द्यायचे का टोकन परत मागायचं?

दादा, "ओनरशिपसारखीच" हे वाक्य मी स्मॉल कॉझेस कोर्टात, म्हणजे मालक-भाडेकरूंचे दावे चालतात तिथे, २० वर्षं ऐकतेय आणि ते बोलणारा माणूस केस उभी राहते तेव्हा कधीच तिथे नसतो. तुम्ही फ्लॅट विकत घेत नाही आहात. एक भाडेकरू उठणार, त्याच्या जागी तुम्ही भाडेकरू म्हणून बसणार, आणि त्या बसण्याचे साडेपाच कोटी, यालाच पागडी म्हणतात. पागडी बेकायदा आहे का, तर नाही, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५६ नं जागा सोडण्यासाठी किंवा देण्यासाठी पैसे घेणं मान्य केलंय, पूर्वीसारखं लपूनछपून काही नाही. पण मालकाच्या संमतीशिवाय भाडेकरूला ती जागा दुसऱ्याला देता येत नाही, कलम २६. म्हणजे तुमच्या व्यवहारात खरा देणारा तो मार्बलवाला सेलर नाहीच, मालक आहे, आणि मालकाची सही तुमच्याकडे नाही.

तुम्ही पाठवलेलं "एनओसी" मी नीट वाचलं. एका साध्या लेटरहेडवर चार ओळी, "आमची हरकत नाही", खाली एकाच भावाची सही. तुम्हीच लिहिलंय की बिल्डिंग तिघा भावांच्या नावावर आहे आणि त्यांची वाटणीची केस चालू आहे. मग उरलेले दोघं उद्या उभे राहून म्हणतील की आम्ही याला भाडेकरू मानतच नाही, हा घुसलेला माणूस आहे, आणि तुम्ही काय दाखवणार, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरची नोटरी केलेली टोकन पावती? नोटरी म्हणजे सही तुमचीच आहे एवढंच, त्यानं हक्क येत नाही. रीतसर पद्धत अशी की जुना भाडेकरू मालकाकडे जागा सरेंडर करतो, मालक तुमच्या नावानं नवा भाडेकरार करतो, तिघांच्या सह्यांचा एकच करार केला तरी चालतो, पण रजिस्टर झालाच पाहिजे, कलम ५५, आणि मग भाडेपावती तुमच्या नावावर फाटायला लागते. पागडीच्या रकमेत मालकाचा हिस्सा साधारण ३३ टक्के धरतात, तो रिवाज आहे, कायद्यात असा आकडा कुठेही नाही. तुमच्या साडेपाच कोटीत तो धरलाय का हे पत्रात कुठेच दिसत नाही, आणि नसेल धरला तर वर किती द्यायचे ते आजच विचारा, नंतर तो आकडा मालक सांगतो आणि तुम्ही ऐकता.

आता नोटीस. ती कुठल्या कलमाची आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, वॉचमनला ते कुठून कळणार म्हणा. चालू काम थांबवायची असेल तर मुंबई महापालिका कायद्याचं ३५४अ, झालेल्या बांधकामाबद्दल खुलासा मागितला असेल तर ३५१, किंवा एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याचं ५३. वॉर्ड ऑफिसमधून, तिथे ए वॉर्ड, कॉपी काढा. फोटोत ती बाल्कनी बघितली, बिल्डिंगच्या कोपऱ्याला वळण घेत गेलेली, खालच्या मजल्यावर अजून जुन्या लाटांच्या नक्षीची लोखंडी जाळी आहे, आणि तुमच्या मजल्यावर ती जाळी कापून वरपासून खालपर्यंत काच. रस्त्यावरून दिसतं हे! आत लादी बदलली, रंग काढला, प्लॅस्टर केलं तर कुणी विचारत नाही, पण दर्शनी भागाला हात लावला की हेरिटेजचा विषय येतो, १९९५ पासून मुंबईला हेरिटेजचे नियम आहेत, आता ते डीसीपीआर २०३४, म्हणजे मुंबईच्या बांधकाम नियमावलीच्या नियम ५२ मधे बसलेत. सेलर "युनेस्को प्रॉपर्टी" म्हणून जे मिरवतोय ना, ओव्हल आणि मरीन ड्राइव्हचा तो परिसर २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, ते त्याला विकायला बरं, पण तीच गोष्ट त्या काचेच्या विरोधात जाते. तुमची बिल्डिंग त्यात नेमकी कुठे बसते, हेरिटेजची ग्रेड कुठली, ते लेखी काढून घ्या.

आणि एक, तो हॉलचा फोटो. फॉल्स सीलिंगच्या कडेला एक बीम उतरलेला दिसतो आणि त्याच्या खाली काहीच नाही, किचनच्या बाजूला जुन्या मोझॅक लादीची वीतभर पट्टी राहिलीय, म्हणजे तिथे भिंत होती आणि ती काढली. भिंतीवर भार होता का नव्हता ते इंजिनियर सांगेल, मी वकील आहे, पण खाऱ्या हवेतलं ८५ वर्षांहून जुनं आरसीसी, त्यावर आणखी इटालियन मार्बलचं वजन, मला तरी झोप लागली नसती. ३० वर्षांवरच्या बिल्डिंगचं स्ट्रक्चरल सर्टिफिकेट लागतंच, ते मागा. कायद्याच्या बाजूनं यातली मेख वेगळीच आहे. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूनं पक्कं बांधकाम केलं तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६(१)(ब) खाली जागा खाली करायचा दावा लागतो. लाकडी पार्टिशन, ओटा, फॉल्स सीलिंग, एसी असल्या गोष्टी त्यातून वगळल्यात, बाल्कनी बंद करणं त्या यादीत नाही. म्हणून करार झालाच तर त्यात मालकांकडून लिहून घ्यायचं की जागा आज आहे त्या अवस्थेत, झालेल्या कामासकट, आमच्या माहितीनं आणि संमतीनं दिली. हे एक वाक्य नसेल तर दुसऱ्यानं केलेलं काम तुमच्या गळ्यात.

तुमचे पुढचे प्लॅन वाचून मात्र जरा हसू आलं, रागावू नका. तुम्ही लिहिलंय की वर्षातून एकदा डिसेंबरमधे येऊन राहू, बाकी वेळ पाहुण्यांना दिवसावर देऊ, आणि पुढे मेलबर्नच्या मुलीच्या नावानं मृत्युपत्र करू. भाडेकरूला यातलं एकही धड जमत नाही. दावा लावायच्या आधी सलग सहा महिने योग्य कारण नसताना जागा वापरात नसेल तर तेवढ्यावर जागा जाऊ शकते, १६(१)(न). कुलूप, लाइट बिल आणि वॉचमनचा जबाब, मालकाचा वकील एवढंच घेऊन येतो. पाहुण्यांना पैसे घेऊन दिली तर पोटभाडेकरू ठेवल्याचा दावा. आणि भाडेकरूचा हक्क मृत्युपत्रानं देता येत नाही, सुप्रीम कोर्टानं १९९४ मधेच सांगितलंय. भाडेकरू गेल्यावर सोबत राहणारं घरचं माणूस आधी येतं, तसं कुणी नसेल तर वारस. मुलीला वारस म्हणून मागता येईल, पण मेलबर्नवरून केस लढत. या जागेचं भाडं १,१४० रुपये, वर्षाला ४ टक्के वाढ, एवढ्यात कुठला मालक अशी संधी सोडेल?

मग करायचं काय. बाकीचा एक रुपया देऊ नका. सेलरला वकिलामार्फत पत्र पाठवा, ३० दिवसांत तिन्ही मालकांच्या सह्यांचा रजिस्टर होणारा करार, नोटिशीची कॉपी आणि तिचा निकाल, शेवटच्या तीन वर्षांच्या भाडेपावत्या, नाही तर टोकन परत. नोटीस लपवली ही तुमची जमेची बाजू आहे, फसवून घेतलेली संमती असेल तर करार रद्द करता येतो, आणि त्यानं "टोकन जप्त" म्हटलं तरी कोर्ट वाजवी नुकसानाच्या पलीकडे देत नाही. पैसे वसुलीच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, घाई नाही पण झोपूही नका. पोलिसात लगेच धावू नका, आधी पत्र, बरेचदा पत्रावरच माणूस बोलायला येतो.

ते ७ लाख कॅश मात्र दादा, काय म्हणू. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा वरची रक्कम रोख घ्यायला इन्कम टॅक्स कायद्याची बंदी आहे, दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. म्हणजे तोही ते उघड कबूल करायला बिचकणार. पावतीत कॅशचा उल्लेख नाही असं तुम्हीच म्हणताय, तर व्हॉट्सॲपवर त्याच्याशी झालेलं बोलणं डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून ठेवा, आणि यापुढे त्याला फोन करू नका, जे विचारायचं ते लिहून विचारा. "७ लाख त्या दिवशी दिले ते धरून किती झाले?" असं साधंच विचारा, उत्तर आलं की मला पाठवा. मूळ पावती मस्कतला नेली असेल तर येताना घेऊन या.