बाससाठी रॉड घेताना आधी हुक बघा

प्रश्न : नमस्कार दादा, माझा मुलगा डॅलसला असतो, आम्ही दोघं दिवाळीनंतर चार-पाच महिने त्याच्याकडे राहायला चाललो. गळ टाकायचा नाद मला लहानपणापासून, खिंडसी तलावावर भरपूर बसलोय. तिकडे लोक बास नावाचा मासा जिग आणि सॉफ्ट प्लास्टिकवर, म्हणजे मऊ रबरी आमिषावर पकडतात म्हणे. मुलगा म्हणतो बाबा तुमच्यासाठी रॉड मागवून ठेवतो, पण मोबाईलवर पाहायला बसलो तर मीडियम, मीडियम हेवी, फास्ट, एक्स्ट्रा फास्ट, डोकं फिरून राहिलं. एकच रॉड घ्यायचा आहे आणि येताना सोबत आणायचा आहे, म्हणजे इकडे मरळीला पण कामी आला पाहिजे. काय सांगू त्याला?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : काका, मुलाला एवढंच सांगा, सात फुटी, मीडियम हेवी पॉवर, फास्ट ॲक्शन, कार्बनचा, दोन तुकड्यांचा कास्टिंग रॉड, आमिषाचं वजन पाव ते पाऊण किंवा एक औंस लिहिलेला. आता हाच का ते सांगतो, कारण दुकानदार दुसरं काही गळ्यात मारायला लागला तर तुम्हाला स्वतःला ठरवता आलं पाहिजे.

आपल्याकडे रॉड घेताना पहिला प्रश्न असतो मासा किती किलोचा. बाससाठी आधी हुक बघायचा, तो किती जाड आहे आणि कशात लपलाय. जिग म्हणजे शिशाचं नाहीतर टंगस्टनचं डोकं, त्यात जाड तारेचा हुक, भोवती रबरी झालर, आणि हुकच्या टोकासमोर ताठ धाग्यांचा एक झुपका, तो गवता-काड्यांत हुक अडकू देत नाही. टेक्सास रिग या बांधायच्या पद्धतीत तर हुकचं टोक रबरी किड्याच्या अंगातच खुपसून ठेवलेलं असतं. म्हणजे बासने तोंडात घेतलं की तुमच्या झटक्याने हुकला आधी तो झुपका दाबायचा आहे किंवा रबर फाडून बाहेर यायचं आहे, त्यानंतर जबड्यात रुतायचं आहे, आणि हे सगळं पंधरा-वीस मीटर लांबून. लवचिक रॉड असला तर झटका रॉडच्या वाकण्यातच संपतो, हुकपर्यंत पोचतच नाही, मासा दोन सेकंद ओढतो आणि सुटतो. म्हणून रॉडची कंबर ताठ पाहिजे, म्हणजे मीडियम हेवी.

पॉवर आणि ॲक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक इथेच घोळ करतात. पॉवर म्हणजे वाकवायला जोर किती लागतो, ॲक्शन म्हणजे वाकतो कुठे. फास्टमध्ये वरचा साधारण एक तृतीयांश भागच वाकतो, खालचा तसाच राहतो, त्यामुळे हात हलवला की हुक लगेच हलतो. मॉडरेट रॉड पार मधापर्यंत वाकतो, तो क्रँकबेटसाठी, म्हणजे तीन टोकांच्या हुकवाल्या कडक, माशाच्या आकाराच्या आमिषासाठी चांगला, जिगला नको. एक्स्ट्रा फास्ट वाईट नाही पण एकच रॉड घेणाऱ्याने फास्टवर थांबावं असं माझं मत.

हे सगळं मुठीच्या जरा वर बारीक अक्षरात छापलेलं असतं, तेच नीट वाचायचं. औंसाचा हिशोब सोपा, एक औंस म्हणजे २८ ग्रॅम. तुमच्या कामाची जिग तीन अष्टमांश ते अर्धा औंस, म्हणजे साडेदहा ते चौदा ग्रॅम, पण जिगवर जे वजन छापतात त्यात मागे लावलेल्या रबरी क्रॉफिशचं, म्हणजे झिंग्यासारख्या दिसणाऱ्या आमिषाचं वजन नसतं, तो लावला की पाच-सात ग्रॅम सहज वाढतात. म्हणून अर्ध्या औंसापर्यंतच लिहिलेला रॉड घेऊ नका.

कार्बनचाच घ्या, फायबर ग्लास नको म्हणतो ते मासा हाताला जाणवण्यासाठी. जिगवरचा बास बहुतेक वेळा जिग खाली जाताना घेतो, जोरात ओढत वगैरे नाही, नुसता तोंडात ओढून घेतो आणि पटलं नाही तर थुंकतो. हाताला एक बारीक टक जाणवते, कधी तर तेही नाही, दोरी तळाला जायच्या आधीच ढिली पडते किंवा बाजूला सरकते. कार्बन हलका आणि ताठ, ती टक तो हातापर्यंत पोचवतो. बाकी कार्बनच्या प्रतीचे आयएम ६, आयएम ८ असे आकडे पाहून जास्त पैसे मोजू नका, ते सगळ्या कंपन्यांसाठी एकच असं मोजमाप नाहीये, आणि कार्बन जितका ताठ तितका सहसा ठिसूळ, प्रवासात न्यायचा तर मधला बरा. वाचलेले पैसे दोरीवर खर्च करा. पंधरा पाउंडाची, म्हणजे तेवढा भार पेलणारी फ्लुरोकार्बन दोरी घ्या, ती नायलॉनपेक्षा जड, नीट बुडते, तळातल्या दगडावर घासली तरी टिकते.

तुम्ही आतापर्यंत स्पिनिंग रीलच वापरली असेल, कास्टिंग रील रॉडच्या वर बसते आणि सुरुवातीला दोरी फुगून गुंता होतो. घाबरू नका. हुकशिवाय नुसतं अर्ध्या औंसाचं वजन बांधा, रीलच्या बाजूचा स्क्रू इतका घट्ट करा की बटन दाबल्यावर वजन सावकाश खाली गेलं पाहिजे, आणि वजन जमिनीला टेकायच्या क्षणी अंगठा स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळलेल्या चकरीवर दाबा. मुलाच्या अंगणात चार संध्याकाळ हे करा, तळ्यावर मजा येईल.

तुमचे दिवसही जिगचेच आहेत. थंड पाण्यात बास सुस्त असतो, पळत्या आमिषामागे फार धावत नाही, जिग तळाला टेकवून ठेवायची, वीतभर उचलायची, परत टेकवायची, मधे थांबायचं, आणि आपल्याला वाटतं त्याच्याही दुप्पट थांबायचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये मासा काठाकडे यायला लागतो तेव्हा रबरी किडा काढा. हा रबरी किडा निक क्रीम नावाच्या माणसाने १९४९ मध्ये ओहायोतल्या ॲक्रनला बनवला आणि त्याची कंपनी पुढे टेक्सासमधल्या टायलरला आली, ते डॅलसच्या पूर्वेलाच आहे. त्याच बाजूला लेक फोर्क, टेक्सासचा विक्रमी बास १९९२ मध्ये तिथेच निघाला, १८.१८ पाउंड, म्हणजे सव्वाआठ किलो. मुलाला म्हणा एक रविवार तिकडे न्या. फक्त लायसन्स आधी काढा, आणि त्या तलावाचे नियम त्या वर्षीचे वाचून घ्या, लेक फोर्कमध्ये १६ ते २४ इंचातला बास परत सोडावा लागतो.

आता आणायचं. सात फूट म्हणजे २१३ सेंटीमीटर, एकसंध रॉड विमानात आणायचा म्हणजे नसता ताप. दोन तुकड्यांचा १०७ चा होतो, टोपण लावलेल्या पीव्हीसी पाइपात टाकला तरी लांबी-रुंदी-उंचीची बेरीज १५८ सेंटीमीटरच्या आत बसते, बहुतेक एअरलाइनची चेक-इनची मर्यादा तेवढीच. दोन तुकड्यांत जाणवणं कमी होतं म्हणतात, मला तरी हातात घेऊन फरक कळत नाही.

इकडे मरळीला हाच रॉड चालेल, दोरी मात्र बदला. मरळीचा जबडा हाडाचा, दात खरे, आणि ती जलकुंभीत घुसते, तिथे चाळीस-पन्नास पाउंडाची ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, आणि आमिषाला रबरी बेडूक. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर खाली आईबाप राखण करत असतात, तिथे गळ टाकू नका हो, ती जोडी काढली की सगळी पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात. आणि तलाव मच्छीमार संस्थेने ठेक्यावर घेतलेला असेल तर आधी त्यांना विचारा, त्यांचं पोट त्यावर आहे.

प्रश्न : माझ्याकडे साडेसहा फुटी मीडियम स्पिनिंग रॉड आहे, तोच बहिणीकडे न्यू जर्सीला नेला तर सॉफ्ट प्लास्टिकला चालेल का, की नवीनच घ्यावा?
— एक वाचक, सक्करदरा

उत्तर : चालेल, नवीन घेऊ नका. फक्त बारीक तारेचे, उघड्या टोकाचे हुक वापरा. रबरी किडा मधोमध टोचून सोडायचा वॅकी रिग, छोट्या मशरूमसारख्या डोक्याचा नेड रिग, वजन खाली आणि हुक वर बांधायचा ड्रॉप शॉट, हे सगळं या रॉडचंच काम. दहा पाउंडाची ब्रेड आणि पुढे आठ पाउंडाची फ्लुरोकार्बन बांधा. इथे झटका मारायचाच नाही, दोरी ताणून रील फिरवत रॉड बाजूला ओढला की हुक आपोआप बसतो. अर्ध्या औंसाची जिग मात्र यावर लावू नका.

प्रश्न : रॉडचं टोक तुटलं, मासा अर्ध्या किलोचा पण नव्हता. रॉडच खराब होता का?
— एक वाचक, महाल

उत्तर : रॉड खराब असेलच असं नाही. मासा काठाशी आल्यावर रॉड सरळ उभा करून उचलला की सगळा भार टोकाच्या चार-सहा इंचांवर येतो आणि तिथेच तुटतो. नाहीतर आधी कधी जिग रॉडवर आपटली असेल, गाडीचं दार लागलं असेल, कार्बनला पडलेली चीर बाहेरून दिसत नाही. मासा जाळीने घ्या किंवा दोरी हातात धरून घ्या. एक-दोन इंचच गेलं असेल तर जिथे तुटलं तिथली जाडी व्हर्नियरने मोजा, त्या मापाची टोकाची कडी आणा आणि गरम करून वितळणाऱ्या ग्लू स्टिकने बसवा, इपॉक्सीने नको, कारण पुढे कधी बदलायची झाली तर निघत नाही. अर्धा फूट गेलं असेल तर ॲक्शनच बदलली, त्यावर जिग टाकू नका, तो रॉड घरातल्या पोरांना झिंगा लावून तिलापिया पकडायला द्या.