गलतीकरांस पत्र ४:४ : 'जन्मलेला' की 'घडवलेला'?

विचारलंय ते थोडक्यात असं. बायबलच्या नव्या करारातल्या गलतीकरांस पत्र ४:४ मध्ये पौल, म्हणजे पहिल्या शतकातला ख्रिस्ती प्रेषित, लिहितो की देवाने आपल्या पुत्राला पाठवलं, तो 'स्त्रीपासून जन्मलेला, नियमशास्त्राधीन' (म्हणजे यहुद्यांच्या धर्मनियमांखालचा) होता. तिथे मूळ ग्रीक शब्द 'गेनोमेनोन' आहे, त्याचा खरा अर्थ 'घडवलेला' होतो का? आणि होत असेल तर पौलाचा ख्रिस्त पृथ्वीवर कधी आलाच नाही, त्याचा देह, त्याचं मरण सगळं वर आकाशातच झालं, असं जे काही अभ्यासक म्हणतात त्यांचं खरं मानायचं का?

माझं उत्तर आधीच सांगतो. शब्दाचा साधा अर्थ 'झालेला', आणि त्याला 'स्त्रीपासून' जोडलं की 'जन्मलेला'. एवढ्या एका शब्दावर आकाशातला ख्रिस्त उभा राहत नाही.

'गिनोमाई' हे क्रियापद म्हणजे आपलं 'होणे'. मराठी माणसाला हे समजायला खरं तर फार सोपं आहे कारण आपणही जन्मासाठी हेच क्रियापद रोज वापरतो, ताईला मुलगी झाली, त्यांना लग्नानंतर खूप उशिरा मूल झालं, असा राजा पुन्हा होणे नाही. आणि तेच 'होणे' आपण पाण्याचा बर्फ झाला, पोरगा डॉक्टर झाला यालाही वापरतो. म्हणून कोणी असं म्हणत नाही की ताईची मुलगी जन्मली नाही, ती बर्फासारखी 'बनली'. ग्रीकमध्ये डिट्टो हेच आहे. हिब्रू शास्त्राचं जुनं ग्रीक भाषांतर, ज्याला सेप्टुआजिंट म्हणतात, त्यात उत्पत्ती ४:२६ ला शेथला मुलगा झाला हे सांगताना 'एगेनेतो' आहे, म्हणजे 'शेथला' ही चतुर्थी आणि पुढे 'झाला', शब्दाला शब्द मराठी. २१:३ ला अब्राहामाला झालेला मुलगा इसहाक, तिथे 'गेनोमेनू', म्हणजे पौलाचाच शब्द, फक्त विभक्ती वेगळी, आणि त्याच वाक्यात पुढे साराने त्याला जन्म दिला असंही आहे, त्यामुळे शंकेला जागाच नाही. पौल हेच ग्रीक शास्त्र वाचत होता, त्यातूनच उतारे देत होता.

मग 'घडवलेला' आलं कुठून? व्हल्गेट या बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरात इथे 'फाक्तुम' आहे आणि १६११ च्या किंग जेम्स इंग्रजी भाषांतरात 'मेड'. आता लॅटिन 'फाक्तुम' हे 'केलेला' आणि 'झालेला' दोन्हीसाठी चालतं, पण इंग्रजीत 'मेड' वाचलं की कोणीतरी बनवल्याचा भास होतो आणि तोच भास पुढे मराठीत उतरतो.

आता समोरच्या बाजूचा मुद्दा नीट मांडला पाहिजे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्ल डोहर्टी आणि नंतर रिचर्ड कॅरियर यांनी आकाशातल्या ख्रिस्ताची बाजू मांडली. कॅरियर म्हणतात की ग्रीकमध्ये जन्मासाठी खास क्रियापद आहे, 'गेन्नाओ', आणि पौल याच अध्यायात ४:२३ आणि ४:२९ ला अब्राहामाच्या मुलांबद्दल तेच वापरतो. पण ख्रिस्ताबद्दल मात्र 'गिनोमाई', आणि तेच 'गिनोमाई' तो १ करिंथ (करिंथकरांस पहिलं पत्र) १५:४५ ला आदामाबद्दल वापरतो, जो कोणाच्या पोटी जन्मला नाही. मुद्दा हुशारीचा आहे. काही उत्तरकालीन हस्तलिखितांत तर नकलनवीसांनी 'गेनोमेनोन' बदलून 'गेन्न'वालं रूप घातलेलंही सापडतं, म्हणजे त्यांनाही मूळ शब्द मोघम वाटला असणार. पण मोघम असणं वेगळं आणि उलटं असणं वेगळं. आदामाचं वाक्य पौलाचं स्वतःचं नाहीच, ते उत्पत्ती २:७ मधून घेतलंय आणि तिथल्या 'झाला'ला 'मातीपासून' किंवा 'स्त्रीपासून' असं काही जोडलेलं नाही, आदाम जिवंत प्राणी 'झाला' एवढंच आहे. आपल्या वाक्यात 'स्त्रीपासून' स्पष्ट आहे.

ती स्त्री रूपकातली असं कॅरियर म्हणतात, कारण पुढे अब्राहामाची दासी हागार आणि पत्नी सारा यांचं रूपक येतं. पण पौल ४:२४ ला स्वतःच सांगतो की हे मी रूपकाने बोलतोय. ४:४ ला तसं काही सांगत नाही. उलट तिथे तो 'हुपो नोमोन' म्हणजे नियमशास्त्राधीन म्हणतो आणि लगेच ४:५ ला, नियमशास्त्राधीन असलेल्यांना सोडवायला, असं तेच दोन शब्द पुन्हा वापरून म्हणतो. ते सोडवायचे लोक हाडामांसाचे यहुदी आहेत, आणि पुत्राला त्यांच्याच रांगेत बसवलंय. मला हा पुरावा क्रियापदापेक्षाही भारी वाटतो.

दुसरा शब्द जो या वादात सतत येतो तो 'काता सार्का', देहाच्या दृष्टीने. रोमकरांस १:३ ला ख्रिस्त देहाच्या दृष्टीने दावीदाच्या बीजापासून झाला असं आहे (परत 'गिनोमाई'च). पौल हे 'काता सार्का' आणखी कुठे वापरतो ते बघा, रोमकरांस ९:३ ला स्वतःच्या यहुदी भाऊबंदांना तो 'काता सार्का' नातलग म्हणतो, म्हणजे सरळ रक्ताचं नातं, आणि दोनच ओळींनी ९:५ ला म्हणतो की त्यांच्यातूनच 'काता सार्का' ख्रिस्त आला. दोन ओळींत एकाच शब्दाचा अर्थ जमिनीवरून आकाशात जाईल हे मला पटत नाही. याकोबाला 'प्रभूचा भाऊ' म्हटलंय ते (गलती १:१९) वेगळंच, त्यावर दोन्हीकडून भरपूर लिहिलं गेलंय.

पण आकाशवाल्यांची बाजू जिथे खरंच मजबूत आहे तेही सांगायला हवं. १ करिंथ २:८ : 'या युगाच्या अधिपतींनी' ओळखलं असतं तर गौरवाच्या प्रभूला वधस्तंभावर दिलं नसतं. वधस्तंभाची शिक्षा देणारा रोमी सुभेदार पंतय पिलात याचं नाव नाही, यरुशलेमचं नाव नाही. 'आर्खोन्तेस' म्हणजे अधिपती हा शब्द रोमकरांस १३:३ ला माणसांबद्दल आहे, पण 'या युगाचे' हे विशेषण लागल्यावर अदृश्य दुष्ट शक्ती असा अर्थ बऱ्याच अभ्यासकांनी घेतलाय, अगदी ख्रिस्ताच्या ऐतिहासिकतेवर शंका नसलेल्यांनीही. 'यशयाचे स्वर्गारोहण' नावाचा जुना ख्रिस्ती ग्रंथ आहे, त्यात पुत्र रूप बदलत सात स्वर्गांतून खाली उतरतो आणि या जगाचा अधिपती तो कोण हे न ओळखता त्याला झाडावर टांगवतो. इथिओपिक प्रतीत मरीया, बेथलेहेम सगळं येतं, पण तोच भाग स्लाव्होनिक आणि एका लॅटिन प्रतीत नाही, म्हणून तो नंतर घुसवला की नंतर काढला यावर वाद आहे. हा वाद मला खरा वाद वाटतो, 'गेनोमेनोन'चा नाही.

इब्री लोकांस ८:४ चा दाखलाही या चर्चेत देतात, 'तो पृथ्वीवर असता तर याजकही नसता'. यातलं 'असता' मराठीतही आत्ताबद्दल की पूर्वीबद्दल हे सांगत नाही, ग्रीकमध्ये अशा रचनेचा नेहमीचा अर्थ 'आत्ता असता तर' असा, कारण तेव्हा पृथ्वीवर नियमाप्रमाणे अर्पणं करणारे दुसरे याजक होते, हेच वाक्य पुढे सांगतं. त्याच पत्रात ५:७ ला 'त्याच्या देहाच्या दिवसांत' तो मोठ्याने रडून प्रार्थना करतो, आणि ७:१४ ला तो यहूदाच्या वंशात उगवला असं आहे.

भाषांतराचं विचाराल तर माझं मत 'स्त्रीच्या पोटी आलेला' असं आहे. 'जन्मलेला' चूक नाही, पण पौलाने 'गेन्नाओ' वापरलेलं नाही हे त्यात झाकलं जातं. 'घडवलेला' मात्र करू नका.