मुलीच्या उपचारासाठी द्राक्षबाग विकावी का?

प्रश्न : मी सातपूरला कंपनीत आहे. सात वर्षांच्या मुलीच्या मेंदूतली गाठ नाशिकमध्येच काढली. जवळजवळ पूर्ण निघाली, पसरलेली नाही. रिपोर्ट मेड्युलोब्लास्टोमाचा, म्हणजे मेंदूच्या एका कॅन्सरचा आला. टाटा हॉस्पिटलने रेडिएशन आणि केमो सांगितलंय. नातेवाईक म्हणतात, चेन्नईला प्रोटॉन, म्हणजे रेडिएशनचाच वेगळा प्रकार घ्या. तिथला खर्च 28 लाख कळला. निफाडची दोन एकर बाग विकून, नोकरी सोडून पोरीजवळ राहावं का? गिऱ्हाईक आठ दिवसांत उत्तर मागतंय. जवळ 12 तोळे सोनं आणि नऊ वर्षं जुनं पीपीएफ आहे.

उत्तर : आठ दिवसांची मुदत घालणाऱ्याला तुमची नड कळलेली आहे. त्याला सांगा, ऑक्टोबर छाटणीनंतर बघू. तसाही तो पैसा वेळेवर हाती येईलच असं नाही. सातबाऱ्यावर भाऊ असतील तर सगळ्यांच्या सह्या, मग खरेदीखत. इकडे ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हायला हवं, आणि ते पैशापायी अडता कामा नये. सोनं तारण ठेवा, रक्कम लगेच मिळते. पीपीएफला पाच वर्षं उलटलीत, त्यामुळे मुलीच्या गंभीर आजारासाठी ते मुदतीआधी बंद करता येतं. व्याज एक टक्का कमी मिळतं, एवढंच.

प्रोटॉनचं म्हणाल तर त्याचा मुख्य फायदा म्हणजे मणक्याला किरण देताना त्याच्या पुढच्या हृदय-आतड्यांना मार कमी बसतो. गाठ बरी होण्याचं प्रमाण मात्र साध्या रेडिएशनएवढंच आहे. शिवाय टाटाचंच प्रोटॉन केंद्र खारघरला ॲक्ट्रेकमध्ये आहे. चेन्नईचं तिकीट काढण्याआधी तुमच्या डॉक्टरांना तिथलं विचारा. तो निर्णय त्यांचा. नातेवाइकांचा नाही, माझाही नाही.

बाग राखा म्हणतोय त्याचं खरं कारण वेगळं आहे. अशा केसमध्ये पाच वर्षांनंतर 70 ते 85 टक्के मुलं हयात असतात. म्हणजे पोरगी मोठी होईल हे धरूनच हिशोब मांडायचा. सुरुवातीला दर तीनेक महिन्यांनी एमआरआय. केमोतल्या सिस्प्लॅटिन या औषधामुळे ऐकू कमी येऊ शकतं, मग श्रवणयंत्र. डोक्याच्या रेडिएशनने वाढीचं हार्मोन आणि थायरॉइड कमी पडू शकतं. वाढीची इंजेक्शनं वर्षानुवर्षं चालतात आणि महाग असतात. शाळेत मागे पडली तर वेगळी शिकवणी. एवढी वर्षं पुरणारा पैसा तुमच्याकडे बागेशिवाय दुसरा नाही. सगळा रेडिएशनच्या सहा आठवड्यांत ओतलात तर पुढे काय?

नोकरी तर अजिबात सोडू नका. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मुलगी असेल, तर राजीनाम्याबरोबर ते कवच जातं, आणि नवी पॉलिसी हा आजार सहसा घेत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटा. टाटाच्या समाजसेवा विभागात राहण्याच्या सोयीचं विचारा, मुंबईत भाड्याची खोलीच खिसा कापते. रेल्वेतही कॅन्सर रुग्णाला आणि सोबत्याला सवलत आहे.

सोमवारी एचआरला दोनच गोष्टी विचारा : पॉलिसीत मुलीचं नाव आहे का, आणि बिनपगारी रजेत ती चालू राहते का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी घ्या.