पहिल्या स्टॉलआधी

अगं, चित्रं विकायला पहिला स्टॉल लावतेयस ना, मग लोगोवर महिना घालवू नकोस. आधी प्रत्येक चित्राच्या मागे तुझं नाव, वर्ष आणि फोन नंबर लिही. जत्रेत घेतलेलं चित्र कुणाच्या तरी दिवाणखान्यात लागतं, पाहुणे विचारतात, ‘कुणाचं गं हे?’ आणि मागे काहीच नसतं. माझी पहिली दोन वर्षं अशीच गेली, अजून हळहळ वाटते.

पुण्याच्या भीमथडी जत्रेत किंवा मुंबईच्या काळा घोडा महोत्सवात स्टॉल मिळाला, तर तिथे रंगवत बस. लोक हाताकडे बघत थांबतात, मग बोलतात. शेजारच्या स्टॉलवाल्यांशी ओळख कर. मातीची भांडी विचारणारं गिऱ्हाईक त्यांच्याकडे पाठव. माझा फ्रेमवाला, पॅकिंगचे खोके, पुढच्या प्रदर्शनांची खबर, सगळं अशा शेजारातूनच आलं.

वारली चित्रं काढतेस, पण त्या आदिवासी समाजातली नाहीस, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांग. त्या कलेला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे मूळ प्रदेशाशी जोडलेल्या त्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, दलालाला पैसे देऊ नकोस. ट्रेडमार्कच्या, म्हणजे नाव-लोगोच्या कायदेशीर नोंदणीच्या, ऑनलाइन अर्जाला तुझ्यासारख्या एकट्या व्यक्तीला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये लागतात. तो जम बसल्यावर. तोवर पाटी, बिल आणि इन्स्टाग्राम, तिन्हीकडे नाव एकच ठेव.