चिडलेल्या मधमाश्या शांत करायला धुरात कोणती वनस्पती घालावी?

पेटी उघडताच माश्या अंगावर येतात, म्हणून स्मोकरमध्ये, म्हणजे भात्याने धूर सोडायच्या डब्यात, लॅव्हेंडर किंवा गवती चहा घालावा का, असं तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं मधपेट्या सांभाळतोय आणि हाताला लागेल तो पाला जाळून पाहिलाय. लॅव्हेंडरच्या धुराचा वास मला फार आवडतो, पण माश्यांवर त्याचा साध्या वाळल्या गवतापेक्षा वेगळा परिणाम मला कधी दिसला नाही.

माशी डंख मारते तेव्हा नांगीपाशी आयसोपेंटिल अ‍ॅसिटेट हे द्रव्य सुटतं. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि तो आला की बाकीच्या माश्याही तिथेच तुटून पडतात. धुरामुळे माशीच्या स्पर्शिका या वासाला काही वेळ बधिर होतात. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे मोजलं गेलं, आणि १०-२० मिनिटांत संवेदना परत आल्याचंही दिसलं. शिवाय धूर लागला की बऱ्याच माश्या मध पिऊन पोट भरून घ्यायला धावतात. हे सगळं धूर करतो, मग तो कशाचाही असो. म्हणून डंख बसला तर नांगी नखाने खरवडून काढा आणि त्या जागेवर लगेच धूर सोडा. तिथला वास झाकला गेला की पुढचे डंख वाचतात.

गवती चहाबद्दल मात्र सावध राहा. त्यात सिट्रल आणि जिरॅनिऑल असतं, आणि कामकरी माश्या आपल्या सोबतिणींना बोलवायला जो गंध सोडतात त्यातही हेच घटक असतात. म्हणून रिकाम्या पेटीकडे मोहोळ ओढायला त्याचं तेल वापरतात. चिडलेल्या पेटीपाशी ते शिंपडून काय मिळणार?

वनस्पतीपेक्षा धुराच्या तापमानाकडे लक्ष द्या. सुरुवातीला मी घाईने सुकी पानं पेटवून लगेच भाता दाबला होता. ठिणग्या उडाल्या, काही माश्यांचे पंख जळले आणि पेटी आणखी खवळली. ते अजून मनाला लागून आहे. आता तळाशी सुकं गवत चांगलं पेटू देतो, त्यावर गोणपाटाचे तुकडे किंवा नारळाचा काथ्या दाबून भरतो आणि सगळ्यात वर मूठभर ओलं हिरवं गवत ठेवतो. त्या थरातून धूर गार होऊन येतो, ठिणग्याही अडतात. धूर पांढरा, दाट हवा. आधी आपल्या हातावर सोडून बघा. चटका बसला तर माश्यांसाठी तो नकोच. दारापाशी दोन-तीन फुंकर, मिनिटभर थांबायचं, मग झाकण. जास्त धूर दिला तर माश्या सैरावैरा धावतात आणि मधालाही वास लागतो.

तंबाखू टाळा, निकोटीन माश्यांना विषारी आहे. कण्हेर तर अजिबात जाळू नका, तिचा धूर तुम्हालाही बाधेल. कीटकनाशक लागलेली गोणपाटं, प्लायवूड, छापील पुठ्ठाही नको. आगीचा धोका असेल तिथे साखरेच्या पातळ पाण्याचा हलका फवारा मारा. माश्या एकमेकींना चाटण्यात गुंततात.

हे सगळं करूनही प्रत्येक वेळी हल्ला होत असेल, तर धूर वाढवू नका, पेटीत काय चाललंय ते बघा. राणी आहे का? ताजी अंडी दिसतात का? बाहेर फुलोरा संपलाय का, दुसऱ्या वसाहतीच्या माश्या मध लुटायला येतात का? ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी तर पेटी उघडूच नका. यातलं काहीच नसेल, तर तो त्या राणीच्या वंशाचा स्वभाव असतो. शांत वसाहतीतली राणी आणून बदला. आधीच्या राणीची पिल्लं २१ दिवसांपर्यंत निघत राहतात आणि कामकरी माश्या हंगामात सुमारे सहा आठवडे जगतात, त्यामुळे फरक दिसायला दीड-दोन महिने लागतील. तोवर जाळी आणि हातमोजे घालूनच पेटी उघडा.