मी मुंबईत राहतो आणि मेंढ्या गावी आहेत. विण्यापूर्वी गाभण मेंढ्यांसाठी चांगला खुराक कसा निवडावा?
विण्याला साधारण दीड महिना उरला असेल, तर नुसत्या कडब्यावर न विसंबता हिरवट, पानेदार असा वाळलेला लसूणघास द्यावा आणि त्याशिवाय मक्याचा भरडा व शेंगदाणा पेंड मिळून प्रत्येक मेंढीला रोज 250 ते 300 ग्रॅम खुराक द्यावा. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आम्हाला शिकवलेले कारण असे, की गर्भाची सुमारे 70 टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते आणि नेमकी त्याच काळात पोटात चाऱ्याला जागा कमी उरते. ऊर्जा अपुरी पडली, तर विशेषतः जुळी असलेली मेंढी अंगातली चरबी वापरू लागते, खाणे सोडते आणि प्रसंगी दगावते. फोनवरून माल ठरवणार असाल, तरी गावी कोणाला तरी पेंडीची ढेप फोडून पाहायला सांगा: आत हिरवट-काळी बुरशी किंवा कुबट वास असेल, तर कितीही स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नये, कारण अशा बुरशीतील अफ्लाटॉक्सिन यकृताला घातक ठरते. घासाची पेंढी झटकल्यावर हातात फक्त काड्या राहत असतील, तर प्रथिने पानांबरोबर गेलीच म्हणून समजा. गाईंसाठीचे क्षारमिश्रण मात्र टाळावे. त्यातील तांबे मेंढ्यांना सोसत नाही. वरील प्रमाण मध्यम अंगाच्या मेंढ्यांसाठी आहे. मेंढ्या आधीच लठ्ठ असतील, तर ते स्थानिक पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावे, आणि कोणताही नवा खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत न्यावा.